झोपलेल्या टेकड्या केव्हा जाग्या होतात?

विद्यार्थी मित्रांनो, टेकडी चालते का? असा प्रश्न कोणी विचारला, तर तुम्ही हसाल. आपल्या सह्याद्रीची एकही टेकडी जागची हललेली कोणी पाहिलेली नाही. पण पृथ्वीवर काही टेकड्या खरोखर चालतात. त्या दगडाच्या नसतात, वाळूच्या असतात. वारा त्यांना ढकलत नेतो. चंद्रकोरीच्या आकाराची लहान टेकडी वर्षाला दहा-वीस मीटर पुढे सरकू शकते. तिच्या वाटेत विहीर आली तर विहीर बुजते, रस्ता आला तर रस्ता दिसेनासा होतो, शेत आले तर शेत गाडले जाते.

उर्दूत तुम्ही ज्याला रेगिस्तान किंवा सहरा म्हणता, त्याला मराठीत वाळवंट म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात वाळवंटातील टेकड्यांची दोन नावे तुम्ही वाचली असतील : बारखाण आणि सैफ. बारखाण चंद्रकोरीसारखी असते. सैफ म्हणजे तलवार, हे तुम्हांला सांगायला नकोच. तलवारीसारखी लांब आणि धारदार माथ्याची टेकडी ती सैफ टेकडी.

मात्र वाळूच्या सर्वच टेकड्या चालत नाहीत. जगात अशा कितीतरी टेकड्या आहेत, की ज्यांच्यावर आज गवत वाढलेले आहे, झुडपे उगवली आहेत, गुरे चरत आहेत. कोठे कोठे तर लोकांनी शेती केली आहे, घरे बांधली आहेत. या टेकड्या स्थिर आहेत. आपण त्यांना झोपलेल्या टेकड्या म्हणू. त्या मेलेल्या नाहीत. पुरेसे कारण मिळाले, तर त्या पुन्हा चालू लागतात. ते कारण केव्हा मिळेल, हे आधी सांगता येईल का? या पाठात आपण तेच पाहणार आहोत.

वाळूला काय थांबवते?

प्रथम वाळू कशी चालते ते समजून घेऊ. राल्फ बॅगनोल्ड नावाचे एक ब्रिटिश सैनिक आणि इंजिनियर होते. १९२० नंतरच्या वर्षांत त्यांनी इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात मोटारीने प्रवास केला. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत बोगद्यासारखी लांब पेटी तयार करून तिच्यातून वारा सोडला आणि वाळूचे कण कसे उडतात ते पाहिले. १९४१ साली त्यांनी आपले निष्कर्ष पुस्तकात छापले. त्यांना असे दिसले, की वाळूचा कण पाखरासारखा उंच उडत नाही. तो टुणकन उडी मारतो, खाली पडतो आणि पडताना दुसऱ्या कणाला धक्का देतो. मग दुसरा कण उडी मारतो. अशा उड्या मारत मारत वाळू पुढे जाते. तिचा बहुतेक प्रवास जमिनीलगत होतो.

वारा मंद असेल तर काहीच घडत नाही. कोरडी वाळू हलवायला साधारणपणे ताशी वीस किलोमीटरचा वारा लागतो. पण एकदा ही मर्यादा ओलांडली, की वाऱ्याची ताकद भराभर वाढते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर वाहून जाणारी वाळू दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होते. म्हणून वर्षभर वाहणाऱ्या साध्या वाऱ्यापेक्षा वादळाचे थोडे दिवस वाळवंटात अधिक काम करतात.

आता या वाळूला थांबवते कोण? पहिले म्हणजे गवत आणि झुडपे. त्यांची पाने वाऱ्याचा वेग अडवतात आणि त्यांची मुळे कणांना धरून ठेवतात. सगळी जमीन झाकलेली असावी लागत नाही. कलहरी वाळवंटात मोजमाप केले, तेव्हा असे आढळले, की जमिनीचा सुमारे चौदा टक्के भाग झाडाझुडपांनी झाकलेला असला, तरी वाळूची हालचाल पुष्कळ कमी होते. म्हणजे शंभर पावलांपैकी चौदा-पंधरा पावले हिरवी असली तरी टेकडीला आधार मिळतो. त्याहून कमी झाली, की धोका सुरू होतो.

दुसरा पहारेकरी डोळ्यांना सहज दिसत नाही. पाऊस पडून गेल्यावर वाळूच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म जीव वाढतात. ते चिकट पदार्थ सोडतात आणि कण एकमेकांना चिकटतात. त्यामुळे वाळूवर पापडासारखा पातळ थर तयार होतो. हा पापड वारा सहजासहजी मोडू शकत नाही. पण बकरीचा खूर किंवा मोटारीचे चाक मात्र त्याला क्षणात मोडते.

अंदाज बांधण्याचे गणित

निकोलस लँकेस्टर या शास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला असलेल्या कलहरी वाळवंटातील टेकड्यांचा अभ्यास केला. १९८८ साली त्यांनी एक सोपे सूत्र मांडले. या सूत्राला तीन गोष्टी लागतात. वर्षातला शेकडा किती वेळ वारा वाळू हलवण्याइतका जोरदार असतो? वर्षात पाऊस किती पडतो? आणि ऊन-वारा मिळून जमिनीतून व झाडांतून वर्षाला जास्तीत जास्त किती पाणी ओढून घेऊ शकतात? यातील तिसऱ्या गोष्टीला आपण 'पाण्याची तहान' म्हणू.

आधी पावसाला तहानेने भागायचे. मग वाऱ्याच्या शेकडा वेळेला त्या उत्तराने भागायचे. जो आकडा येईल तो टेकडीचा चंचलता अंक.

अंक ५० पेक्षा कमी आला, तर टेकडी पूर्ण झोपलेली असते.
५० ते १०० असला, तर फक्त माथ्यावरची वाळू हलते.
१०० ते २०० असला, तर टेकडीचा बराचसा भाग हलतो. पायथा आणि दोन टेकड्यांमधील सखल जागा तेवढी झाकलेली राहते.
२०० पेक्षा जास्त असला, तर टेकडी पूर्ण जागी असते.

एक उदाहरण करून पाहू. समजा, एका ठिकाणी वर्षातला शेकडा ३० वेळ जोरदार वारा असतो. पाऊस ६०० मिलिमीटर पडतो आणि तहान १५०० मिलिमीटर आहे. ६०० भागिले १५०० म्हणजे ०.४. मग ३० भागिले ०.४ म्हणजे ७५. येथे फक्त माथा हलेल. आता पाऊस निम्मा झाला, ३०० मिलिमीटर पडला. उत्तर येते १५०. आणखी निम्मा होऊन १५० मिलिमीटर झाला, तर उत्तर येते ३००. वारा तोच आहे, ऊन तेच आहे, पण पाऊस हटला आणि टेकडी उठून उभी राहिली.

सूत्रात काय राहून जाते?

हे सूत्र वाटाड्यासारखे उपयोगी आहे. पण ते सर्व काही सांगत नाही. ते का, हे नीट लक्षात घ्या.

पहिली गोष्ट उशिराची. पाऊस थांबला म्हणून टेकडी दुसऱ्या दिवशी चालत नाही. गवत वाळते, पण वाळलेल्या गवताची मुळे काही काळ वाळूला धरून ठेवतात. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात शास्त्रज्ञांनी गवताळ टेकडीच्या काही भागावरचे गवत मुद्दाम मारून पाहिले. वाळू लगेच उडाली नाही. मेलेली मुळे कुजेपर्यंत तिने धीर धरला. म्हणून एका वर्षाचा दुष्काळ पाहून घाबरायचे नसते आणि लागोपाठच्या दुष्काळाकडे दुर्लक्षही करायचे नसते.

दुसरी गोष्ट माणसाची. सूत्रात माणूस आणि त्याची जनावरे कोठेच नाहीत. इजिप्त आणि इस्राएल यांच्या सरहद्दीवर वाळूच्या टेकड्यांचा एकच पट्टा पसरलेला आहे. तेथे वर्षाला सुमारे शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. पाऊस एक, वारा एक, वाळूही एकच. तरीही उपग्रहातून काढलेल्या चित्रांत सरहद्दीची रेघ स्पष्ट दिसते. एका बाजूला जनावरांची चराई होत राहिली, झुडपे सरपणासाठी तोडली गेली. तेथे वाळू उघडी आणि पांढरी दिसते. दुसऱ्या बाजूला चराई बंद झाली. तेथे सूक्ष्म जीवांचा पापड आणि झुडपे वाढून जमीन काळपट दिसते. आकाशातून कोणी सरहद्द आखली नव्हती. ती खुरांनी आणि कुऱ्हाडींनी आखली.

तिसरी गोष्ट वाळूच्या स्वभावाची. वाळू पावसाचे पाणी पटकन पिऊन टाकते आणि खोल नेऊन ठेवते. तेथे उन्हाचा हात पोचत नाही. म्हणून थोड्या पावसावरही वाळूत झुडूप तग धरते. मात्र वारा फार जोरदार असेल, तर तो कोवळ्या रोपाची मुळे उघडी पाडतो किंवा रोपच गाडून टाकतो. त्यामुळे काही शास्त्रज्ञ म्हणतात, की टेकडीचे भवितव्य पावसापेक्षा वाऱ्यावर अधिक अवलंबून आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उभी असलेली मालाने भरलेली हातगाडी ढकलून पाहा. ती सुरू करायला फार जोर लागतो. एकदा चाके फिरू लागली, की थोड्या जोरातही ती चालत राहते. वाळूची टेकडीही अशीच आहे. गवताने झाकलेली टेकडी बराच वारा आणि बराच दुष्काळ सहन करते. पण एकदा उघडी पडून चालू लागली, की पाऊस पूर्वीइतका परत आला तरी ती लगेच थांबत नाही. चालत्या वाळूत बी रुजत नाही. तिला थांबवायला पूर्वीपेक्षा जास्त पाऊस किंवा पूर्वीपेक्षा मंद वारा लागतो. म्हणून एकाच हवामानात एक टेकडी झोपलेली आणि शेजारची जागी, असेही पाहायला मिळते.

वाळूच्या कणातील घड्याळ

पुढचे सांगण्यासाठी मागचे ठाऊक असावे लागते. ही टेकडी पूर्वी केव्हा चालली होती, हे कसे कळणार? येथे निसर्गानेच एक घड्याळ ठेवले आहे. वाळूचा कण जमिनीखाली अंधारात गाडला गेला, की आसपासच्या मातीतील नैसर्गिक किरणांमुळे त्याच्यात थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. कणाला ऊन लागले, की ती ऊर्जा निघून जाते आणि घड्याळ शून्यावर येते. शास्त्रज्ञ टेकडी खोदून अंधारातच वाळूचा नमुना घेतात. प्रयोगशाळेत त्याला उष्णता किंवा प्रकाश दिला, की तो कण मंदसा चमकतो. चमक जितकी जास्त, तितका तो कण जास्त काळ अंधारात होता. यावरून टेकडी शेवटची केव्हा हलली ते समजते. आपल्या देशातील शास्त्रज्ञ या कामात मागे नव्हते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील अशोक सिंघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानातील टेकड्यांचे वय या रीतीने मोजले आणि १९८२ साली ते प्रसिद्ध केले.

नेब्रास्कातील टेकड्यांनी असाच एक धक्का दिला. त्या सुमारे पन्नास हजार चौरस किलोमीटर भागात पसरल्या आहेत. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ सहावा हिस्सा झाला. आज त्यांच्यावर हिरवे कुरण आहे. १९३० नंतरच्या मोठ्या दुष्काळात अमेरिकेच्या या मैदानी प्रदेशातील शेतांची माती वादळांत उडाली, पण या टेकड्या बहुतांशी जागेवर राहिल्या. त्यामुळे त्या कायमच्या स्थिर आहेत असे कोणालाही वाटले असते. पण वाळूच्या घड्याळाने वेगळे सांगितले. सुमारे एक हजार ते सातशे वर्षांपूर्वी, अनेक वर्षे चाललेल्या दीर्घ दुष्काळात, याच टेकड्या चालत होत्या.

दोन अंदाज, दोन उत्तरे

आता भविष्याकडे वळू. कलहरीच्या वाळूच्या टेकड्या बोत्स्वाना, नामिबिया, अंगोला, झांबिया, दक्षिण आफ्रिका अशा अनेक देशांत पसरल्या आहेत. बहुतेक टेकड्या गवताने आणि झाडांनी झाकलेल्या आहेत. त्यांच्यावर लोक गुरे चारतात, शेती करतात. २००५ साली डेव्हिड थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इशारा दिला, की पृथ्वीचे तापमान वाढत गेले, तर २०९९ सालापर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर भागापासून अंगोला आणि झांबियापर्यंतच्या सर्व टेकड्या पुन्हा चालू लागतील. २०१२ साली योसेफ अश्केनाझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाचे वेगळे उत्तर दिले. ते म्हणाले, की तेथील वारा मुळातच मंद आहे आणि होणारे बदल त्या मानाने लहान आहेत. त्यामुळे एकविसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या टेकड्या बहुधा स्थिरच राहतील.

मग कोणावर विश्वास ठेवावा? मित्रांनो, अंदाज म्हणजे भविष्यवाणी नव्हे. अंदाज म्हणजे 'जर' आणि 'तर' यांचे वाक्य असते. जर वारा इतका वाढला, जर पाऊस इतका घटला, तर टेकडी हलेल. दोन शास्त्रज्ञांची उत्तरे वेगळी आली, तर त्यांचे 'जर' वेगळे आहेत का, ते आधी पाहावे.

या अंदाजावर कोणाचे तरी पोट अवलंबून असते, हेही विसरू नये. मेंढपाळाला उगाच सांगितले, की या टेकडीवर बकऱ्या आणू नकोस, तर त्याच्या मुलांचे दूध जाते. सांगायला उशीर केला, तर कुरणच जाते. एक चूक या वर्षाची भाकरी घेते, दुसरी चूक पुढच्या अनेक वर्षांची. म्हणून आकडा तपासून घ्यावा लागतो आणि टेकडीवर जाऊन डोळ्यांनी पाहावेही लागते.

डोळ्यांना काय दिसते? टेकडी एकदम जागी होत नाही. प्रथम माथ्यावर टक्कल पडते. झुडपांची मुळे उघडी दिसू लागतात. जनावरांच्या पायवाटा रुंद होतात आणि त्यांतून खळगे पडतात. गुळगुळीत जागेवर लाटांसारख्या बारीक रेघा उमटतात. झुडपांच्या मागे ताज्या वाळूचे लहान ढीग साचतात. हल्ली उपग्रहाच्या चित्रांवरून दर वर्षीचा हिरवेपणाही मोजला जातो. हिरवेपणा लागोपाठ कमी होत असेल, तर ती धोक्याची घंटा समजावी.

आपले थर

आपल्या देशात या सर्व गोष्टी राजस्थानातील थरच्या वाळवंटात पाहता येतात. थर हे जगातील दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे. तेथे पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्याच्या दिवसांत, नैऋत्येकडून जोरदार वारे सुटतात. नेमके त्याच वेळी जमीन सर्वांत कोरडी आणि उघडी असते. थरच्या लोकांना सेवण गवत, फोगचे झुडूप आणि खेजडीचे झाड यांची किंमत ठाऊक आहे. खेजडी म्हणजेच आपल्याकडची शमी. पण सरपणासाठी फोग मुळासकट उपटला गेला, टेकडीच्या उतारावर ट्रॅक्टरने खोल नांगरट झाली, की झोपलेली वाळू मोकळी होते.

जोधपूरला केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आहे. १९५९ साली तिला हे रूप मिळाले. लोक तिला काजरी म्हणतात. चालत्या टेकड्या थांबवण्याची तिची रीत साधी आहे. प्रथम कुंपण घालून चराई थांबवायची. मग स्थानिक झुडपांच्या फांद्या ओळीने किंवा बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकोनांत वाळूत रोवायच्या. त्यामुळे जमिनीलगतचा वारा मंदावतो. नंतर पावसाच्या सुरुवातीला गवताचे बी पेरायचे आणि रोपे लावायची. आधी माणसाने फांद्यांचा आधार द्यायचा, मग झाडाने वाळूला आधार द्यायचा.

आपल्या महाराष्ट्रात वाळवंट नाही. पण कोकणच्या किनाऱ्यावर वाळूचे लहान ढिगारे आहेत. त्यांच्यावर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिला मर्यादवेल म्हणतात. ती वाळूला जागेवर धरून ठेवते. कधी समुद्रकिनारी गेलात, तर ती उपटू नका. तिच्या शेजारी बसून वाळूकडे पाहा. वेलीखालची वाळू आणि उघडी वाळू यांत वारा सुटल्यावर काय फरक पडतो, ते तुमच्या वहीत लिहून आणा. टेकडी जागी होण्यापूर्वी ती काय सांगते, हे वाचण्याचा तो तुमचा पहिला धडा होईल.

शब्दार्थ

वाळवंट – रेगिस्तान, सहरा
दुष्काळ – कहत
कुरण – चरागाह
सरपण – जळणाची लाकडे, ईंधन
चंचलता – स्थिर न राहण्याचा गुण
मेंढपाळ – शेळ्या-मेंढ्या चारणारा, चरवाहा
वाटाड्या – रस्ता दाखवणारा, रहबर
तग धरणे – टिकून राहणे
दुर्लक्ष करणे – लक्ष न देणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोरडी वाळू हलवायला साधारणपणे किती वेगाचा वारा लागतो?
(आ) वाळूच्या कणातील घड्याळ शून्यावर केव्हा येते?
(इ) राजस्थानात खेजडी म्हणतात, त्या झाडाचे मराठी नाव काय?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सरहद्दीच्या दोन बाजूंची वाळू वेगळी का दिसते?
(आ) चालू झालेली टेकडी पाऊस परत आला तरी लगेच का थांबत नाही?
(इ) मेंढपाळाला चुकीचा अंदाज सांगितला तर कोणकोणते नुकसान होते?

३. गणित करा.
वर्षातला शेकडा २० वेळ जोरदार वारा असतो, पाऊस ४०० मिलिमीटर आणि तहान १६०० मिलिमीटर आहे. चंचलता अंक काढा. टेकडीचा कोणता भाग हलेल ते लिहा.

४. 'जर ... तर' वापरून वाक्ये पूर्ण करा.
(अ) जर माथ्यावर टक्कल पडले, तर ...
(आ) जर ..., तर विहीर बुजेल.
(इ) जर मर्यादवेल उपटली, तर ...

५. 'झोपलेली टेकडी' असे म्हणताना लेखकाने टेकडीला माणसाचा गुण दिला आहे. पाठातून अशी आणखी दोन वाक्ये शोधून लिहा.